आर्स गावचे चर्च आणि संत जॉन मेरी व्हियान्नी

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी संत जॉन मेरी व्हियान्नी यांचा सण साजरा होतो. धर्मग्रामांचा कारभार वाहणाऱ्या धर्मगुरूंचे हे आश्रयदाते संत. त्यांच्या सणाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतही धर्मगुरूंचे अभिनंदन केले जाते, मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते, बालगोपाळ त्यांच्या हाती फुले देतात. कृश चेहरा, खांद्यापर्यंत रुळणारे पांढरे केस आणि गळ्यात स्टोल असे या संताचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्या चित्रामागे एक खेडे आहे आणि त्या खेड्यात एक लहानसे जुने चर्च आहे. व्हियान्नींच्या आयुष्यातील एकेचाळीस वर्षे त्या चर्चच्या चार भिंतींत गेली. त्यांचे चरित्र सांगायचे म्हणजे त्या गावाचे आणि त्या चर्चचे चरित्र सांगणे आहे.

क्रांतीच्या काळातील बालपण

जॉन मेरी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिओं शहराजवळील दार्दिली या गावी झाला. वडील माथ्यू व्हियान्नी शेतकरी होते. आई मारी बेल्यूज अत्यंत भाविक होती. सहा भावंडांत जॉन मेरी चौथे. घरात सुबत्ता नव्हती, परंतु दारी आलेला भिकारी उपाशी जात नसे. गुरे राखणे, शेतात खुरपणी करणे आणि संध्याकाळी आईसोबत प्रार्थना करणे यांतच त्यांचे बालपण सरले.

ते तीन वर्षांचे असताना, १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. पुढील वर्षी धर्मगुरूंना राज्यसत्तेच्या अधीन करणारा कायदा झाला. त्या कायद्याची शपथ घेण्यास ज्यांनी नकार दिला, ते धर्मगुरू गुन्हेगार ठरले. चर्चना कुलपे लागली, घंटा उतरवल्या गेल्या. श्रद्धावंत रात्रीच्या अंधारात कुणाच्या तरी शेतघरात जमत आणि तिथे शेतकऱ्याच्या किंवा सुताराच्या वेषात आलेला धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत असे. जॉन मेरी यांनी पहिले पापनिवेदन १७९७ साली स्वतःच्या घरातच केले. १७९९ साली त्यांना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला, तोही एक्युली गावातील एका घरात, खिडक्या बंद करून. आतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून गवताने भरलेल्या गाड्या खिडक्यांसमोर उभ्या केल्या होत्या. आपला जीव धोक्यात घालून लोकांपर्यंत संस्कार पोहोचवणारे धर्मगुरू त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले. आपणही धर्मगुरू व्हावे, ही इच्छा त्याच काळात त्यांच्या मनात रुजली.

अभ्यासात मागे, श्रद्धेत पुढे

इच्छा होती, परंतु शिक्षण नव्हते. क्रांतीमुळे शाळा बंद पडल्या होत्या, आणि वडिलांना शेतावर हात हवे होते. अखेर विसाव्या वर्षी जॉन मेरी यांनी एक्युलीचे प्रमुख धर्मगुरू फादर शार्ल बाले यांच्याकडे लॅटिनचे धडे घेण्यास सुरुवात केली. वर्गातील इतर मुले वयाने कितीतरी लहान होती, आणि तीही त्यांच्यापेक्षा लवकर शिकत. व्याकरण त्यांच्या लक्षात राहत नसे. निराश होऊन त्यांनी ला लूव्हेस्क येथील संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीपर्यंत पायी यात्रा केली. परत आल्यावर पुन्हा पुस्तक उघडले.

एवढ्यात १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला. ते आजारी पडून रुग्णालयात राहिले आणि त्यांची तुकडी पुढे निघून गेली. तिला गाठण्याच्या प्रयत्नात असताना एक माणूस त्यांना डोंगरातील ले नोए गावी घेऊन गेला. तेथे लष्करातून पळालेले इतर तरुण लपले होते. क्लोदीन फायो या विधवेने त्यांना आसरा दिला. नाव बदलून ते तेथे राहिले आणि गावातील मुलांना शिकवू लागले. शिपाई शोध घ्यायला येत तेव्हा गवताच्या ढिगात लपून बसावे लागे. १८१० साली नेपोलियनने माफी जाहीर केल्यावर ते घरी परतू शकले, मात्र त्यासाठी त्यांच्या धाकट्या भावाला त्यांच्या जागी सैन्यात जावे लागले. घरी परतल्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १८११ मध्ये, आईचे निधन झाले.

पुढे लिओं येथील सेमिनरीत त्यांना प्रवेश मिळाला. परंतु शिक्षण लॅटिनमध्ये होते आणि परीक्षेत त्यांना प्रश्नच समजले नाहीत. त्यांना परत पाठवण्यात आले. फादर बाले मात्र खचले नाहीत. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला फ्रेंच भाषेतून शिकवले आणि धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांकडे त्याची बाजू मांडली. या तरुणाला विद्या थोडी असली तरी भक्ती मोठी आहे, हे अधिकाऱ्यांना पटले. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेथपर्यंत ते एकटेच पायी गेले होते. त्या दिवशी त्यांच्या घरचे कुणीही हजर नव्हते.

सुरुवातीला त्यांची नेमणूक फादर बाले यांच्याच मदतीला झाली. डिसेंबर १८१७ मध्ये गुरूंचे निधन झाले आणि दोन महिन्यांनी शिष्याला नवा आदेश मिळाला. त्यांना आर्स नावाच्या खेड्यात जायचे होते.

धुक्यात हरवलेले गाव

आर्स हे लिओंच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, दोंबच्या पठारावर वसलेले गाव. तेव्हा लोकवस्ती जेमतेम २३०. मातीची घरे, जवळून वाहणारा फोंब्लँ नावाचा ओढा आणि मध्यभागी बाराव्या शतकातील संत सिक्स्तस यांच्या नावाचे लहान चर्च. क्रांतीच्या काळात त्याचा घंटाघराचा मनोरा पाडण्यात आला होता. त्याजागी लाकडी चौकटीवर घंटा टांगलेली होती. हे गाव तेव्हा स्वतंत्र धर्मग्रामही नव्हते. तो दर्जा १८२१ साली मिळाला.

९ फेब्रुवारी १८१८ रोजी फादर व्हियान्नी थोडे सामान आणि फादर बाले यांची पुस्तके घेऊन पायी निघाले. संध्याकाळी धुके पसरले आणि ते वाट चुकले. मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाने त्यांना आर्सची वाट दाखवली. त्याबदल्यात आपण त्याला स्वर्गाची वाट दाखवू, असे त्यांनी त्या मुलाला सांगितल्याची आठवण गावाने जपली आहे. त्या जागी आज दोघांचे शिल्प उभे आहे. गावाची हद्द येताच नव्या धर्मगुरूंनी गुडघे टेकले आणि आपल्या हाती सोपवलेल्या लोकांसाठी प्रार्थना केली.

हे लोक दुष्ट नव्हते, परंतु धर्मापासून दुरावले होते. क्रांतीच्या वर्षांत वाढलेल्या पिढीला धर्मशिक्षणच मिळाले नव्हते. रविवारी शेतात कामे चालत. तेवढ्या वस्तीच्या गावात चार दारूची दुकाने होती. आठवड्याची कमाई तेथे संपत असे आणि घरी बायकामुलांच्या वाट्याला उपासमार येत असे. रविवारी मिस्सासाठी चर्चमध्ये मोजकीच माणसे दिसत.

चर्चचा दिवा आणि उघडे दार

फादर व्हियान्नी यांनी कामाची सुरुवात प्रवचनाने केली नाही. पहाट होण्याआधीच ते चर्चमध्ये जात आणि पवित्र साक्रामेंतासमोर गुडघ्यांवर बसत. पहाटे शेतावर निघालेल्या लोकांना चर्चमध्ये कंदिलाचा उजेड दिसू लागला. धर्मगुरूंच्या घरातील चांगले सामान त्यांनी परत करून टाकले. आठवड्याचे बटाटे एकदाच उकडून ठेवीत आणि तेच खात. सुरुवातीला लोक हसले, नंतर विचार करू लागले.

दुपारी ते शेतांच्या बांधांवर आणि घरांच्या ओट्यांवर दिसत. पिकांविषयी, गुरांविषयी, आजारी माणसांविषयी विचारपूस करीत. शेतकऱ्याचाच मुलगा असल्यामुळे या गोष्टी त्यांना कळत. मुले दिवसभर कामाला जुंपलेली असत म्हणून त्यांना पहाटेच धर्मशिक्षणासाठी बोलावले जाई.

त्याच वेळी त्यांनी चर्चच्या इमारतीला हात घातला. परमेश्वराच्या घरासाठी काहीही जास्त नाही, अशी त्यांची धारणा होती. स्वतःचा झगा ठिगळांचा, परंतु वेदीवरील वस्त्रे उत्तम असावीत, असा त्यांचा आग्रह असे. पडलेल्या मनोऱ्याच्या जागी १८२० साली विटांचा नवा मनोरा उभा राहिला. पवित्र मरियेचे उपमंदिर दुरुस्त झाले, १८२३ साली संत जॉन बाप्तिस्ता यांचे उपमंदिर बांधले गेले. नंतर संत फिलोमिना, वेदना सोसणारे प्रभू येशू आणि देवदूत यांचीही लहान उपमंदिरे झाली. गावच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या मादमोझेल दार्स आणि त्यांचे बंधू व्हायकाउंट यांनी वस्त्रे, छत्र आणि इतर मौल्यवान वस्तू देऊन मोठे साहाय्य केले. गाव गरीब होते, पण त्याचे चर्च हळूहळू उजळू लागले.

विरोध आणि परिवर्तन

हे परिवर्तन सुखासुखी झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरुण व्हियान्नी कठोर होते. दारू, नाच आणि रविवारची कामे यांवर त्यांनी व्यासपीठावरून कडक प्रहार केले. नाच सोडण्याची तयारी नसलेल्यांना ते पापक्षमा देत नसत, कितीही महिने लोटले तरी. अनेकांना हे जाचक वाटले. काहींनी त्यांच्या दारावर घाण फेकली, त्यांच्या चारित्र्याविषयी खोट्या कंड्या पिकवल्या. शेजारच्या धर्मग्रामांतील काही धर्मगुरूंनीही त्यांच्या अज्ञानाविषयी महागुरूंकडे तक्रार करण्याचे ठरवले. तो तक्रारअर्ज चुकून त्यांच्याच हाती आला तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःची सही केली आणि तो पुढे पाठवून दिला. वयानुसार त्यांचा कठोरपणा निवळत गेला. पाप्याला थोडे प्रायश्चित्त द्यावे आणि उरलेले आपण स्वतः भोगावे, असा त्यांचा पुढील काळातील नेम होता.

हळूहळू चर्चजवळची दोन दारूची दुकाने बंद पडली, मग उरलेली दोन. त्यानंतर सात वेळा नवी दुकाने उघडण्याचा प्रयत्न झाला, पण एकही टिकले नाही. रविवारी शेते शांत राहू लागली. संध्याकाळी घंटा वाजली की माणसे प्रार्थनेसाठी चर्चकडे वळत. शेतावर जाताना अवजारे दाराबाहेर ठेवून काही क्षण आत जाण्याची सवय पडली. लुई शाफांजों नावाचा एक वृद्ध शेतकरी तासन् तास पवित्र साक्रामेंतासमोर निःशब्द बसून असे. त्याचे ओठही हलत नसत. तो काय करतो, असे फादरांनी विचारले तेव्हा आपण प्रभूकडे पाहतो आणि प्रभू आपल्याकडे पाहतो, एवढेच त्याने सांगितले. फादर व्हियान्नी पुढे आयुष्यभर ही गोष्ट प्रार्थना शिकवताना सांगत असत. धर्मगुरूने गावाला शिकवले, तसे गावानेही धर्मगुरूला शिकवले.

१ मे १८३६ रोजी त्यांनी संपूर्ण धर्मग्राम निष्कलंक गर्भसंभवा पवित्र मरियेला समर्पित केला. सोन्याचा मुलामा दिलेले एक हृदय बनवून घेतले, रेशमी फितीवर धर्मग्रामातील सर्वांची नावे लिहिली आणि ती फीत त्या हृदयात ठेवून ते मरियेच्या मूर्तीच्या गळ्यात घातले. श्रीमंत आणि गरीब, रोज येणारे आणि क्वचित येणारे, अशा सर्वांची नावे तिथे एकत्र होती.

मुलींची शाळा

गावातील मुलींना शिकवणारे कुणी नव्हते. १८२४ साली फादरांनी चर्चजवळचे एक घर घेऊन मुलींसाठी मोफत शाळा सुरू केली आणि तिला परमेश्वराच्या कृपादृष्टीचे, म्हणजे प्रोव्हिडन्सचे नाव दिले. कॅथरिन लासान्य आणि बेन्वात लार्दे या गावच्याच दोन तरुणींना त्यांनी त्यासाठी प्रशिक्षण दिले होते. लवकरच तेथे अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलीही राहू लागल्या. एके काळी त्यांची संख्या साठच्या घरात गेली. वाचन, लेखन, शिवण, स्वयंपाक आणि धर्मशिक्षण असा तेथील क्रम होता. एकदा धान्य संपले असता प्रार्थनेनंतर माळ्यावरची कोठी भरलेली आढळली, ही घटना त्या घरातील मंडळींनी नंतर साक्षीत नोंदवली. फादर रोज अकरा वाजता मुलींना धर्मशिक्षण देत. ते ऐकायला बाहेरची माणसे इतकी येऊ लागली की हा वर्ग चर्चमध्ये हलवावा लागला.

पुढे या शाळेची व्यवस्था शिस्तबद्ध नाही, असे आक्षेप घेतले गेले. १८४७ च्या सुमारास ती धर्मभगिनींच्या हाती सोपवावी लागली. फादरांना याचे अतोनात दुःख झाले, परंतु त्यांनी आज्ञापालन केले. १८४९ साली मुलांच्या शाळेसाठी बेलेच्या पवित्र कुटुंब संघाचे ब्रदर आले.

कन्फेशनच्या पेटीतील आयुष्य

१८३० च्या आसपासपासून बाहेरगावचे लोक आर्सला येऊ लागले. या धर्मगुरूला माणसाचे अंतःकरण वाचता येते, अशी वार्ता पसरली होती. गावात खाणावळी आणि उतारघरे झाली. लिओंहून नियमित घोडागाड्या सुटू लागल्या. शेवटच्या वर्षी ऐंशी हजारांच्या आसपास यात्रेकरू आल्याचा अंदाज चरित्रकार देतात.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास फादर हातात कंदील घेऊन चर्चचे दार उघडत. स्त्रियांची पापनिवेदने संत जॉन बाप्तिस्ता यांच्या उपमंदिरात, पुरुषांची सॅक्रिस्टीत. मध्ये मिस्सा, धर्मशिक्षण, घाईचे जेवण, आजाऱ्यांची भेट आणि पुन्हा तेच. उन्हाळ्यात ते सोळा तासांपर्यंत त्या पेटीत बसत. हिवाळ्यात पाय गारठून बधिर होत. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचित्र आवाज आणि सैतानाचा छळ त्यांना अनेक वर्षे सोसावा लागला, असे त्यांचे सहवासी सांगत. लोकांच्या देणग्या त्यांच्या हाती येत आणि लगेच गरिबांकडे किंवा इतर धर्मग्रामांतील मिशनकार्याकडे जात. १८५२ साली महागुरूंनी त्यांना कॅननचा सन्माननीय झगा दिला, तो त्यांनी विकून टाकला आणि पैसे दान केले. १८५५ साली सरकारने दिलेले सन्मानपदक त्यांनी कधीच लावले नाही.

तीन वेळा निघाले, तीन वेळा परतले

आपल्या जीवनचरित्रांत संतांचे यशच अधिक सांगितले जाते. व्हियान्नींच्या आयुष्यात मात्र एक खोल व्यथा होती. आपण या पदास अपात्र आहोत, हजारो आत्म्यांचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल, ही भीती त्यांना सोडत नसे. एखाद्या मठात जाऊन एकांतात आपल्या पापांसाठी अश्रू ढाळावेत, एवढेच त्यांना हवे होते. १८४० साली ते एका रात्री गाव सोडून निघाले आणि वाटेतूनच परतले. मे १८४३ मध्ये ते मरणासन्न झाले. गाव चर्चमध्ये प्रार्थनेला बसले आणि ते बरे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते दार्दिलीला भावाच्या घरी निघून गेले. यात्रेकरू तेथेही पोहोचले. आठवडाभरात ते आर्सला परतले तेव्हा घंटा वाजू लागली आणि सारे गाव चौकात जमले.

सप्टेंबर १८५३ मधील रात्र आर्सने कधी विसरली नाही. फादर पुन्हा निघाल्याचे कळताच धोक्याची घंटा वाजवण्यात आली. आग लागली असे समजून लोक हाती येतील ती अवजारे घेऊन धावत आले. ओढ्याजवळ त्यांना अडवण्यात आले. कुणी त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक काढून घेतले, कुणी रडू लागले, दूरवरून आलेल्या यात्रेकरूंनी पापनिवेदन ऐकण्याची विनवणी केली. ते मुकाट्याने मागे वळले आणि सरळ आपल्या पेटीत जाऊन बसले. जो धर्मगुरू आला तेव्हा लोकांना नकोसा होता, त्याला सोडायला आता गाव तयार नव्हते. आणि एकांताची इतकी ओढ असूनही त्यांनी लोकांची हाक हीच परमेश्वराची इच्छा मानली.

अखेर आणि वारसा

जुलै १८५९ मध्ये कडक उन्हाळा होता. २९ जुलैला ते नेहमीप्रमाणे दिवसभर चर्चमध्ये बसले आणि रात्री अंथरुणाला खिळले. गावकऱ्यांनी त्यांच्या घराच्या छपरावर कापडे पसरली आणि उष्मा कमी व्हावा म्हणून ती पाण्याने भिजवीत राहिले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटे दोन वाजता, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

८ जानेवारी १९०५ रोजी पोप पायस दहावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ३१ मे १९२५ रोजी पोप पायस अकरावे यांनी त्यांना संतपद दिले. त्या घटनेला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. १९२९ साली ते जगभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८६ साली आर्सला भेट दिली. त्यांच्या मृत्यूच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये धर्मगुरू वर्षाची घोषणा केली.

यात्रेकरूंसाठी आर्सला नवी बसिलिका बांधण्याचे काम १८६२ साली वास्तुविशारद पिएर बोसां यांच्या आराखड्यानुसार सुरू झाले. परंतु जुने चर्च पाडले गेले नाही. विटांचा मनोरा, लहान सभागृह, उपमंदिरे आणि ती कन्फेशनची पेटी तशीच ठेवून नवी इमारत तिला जोडण्यात आली. आज भाविक बसिलिकेत संतांच्या देहाचे दर्शन घेतात आणि मग त्या जुन्या, अरुंद भागात येऊन शांत बसतात.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्याही गावांत जुनी चर्च आहेत. त्यांची वास्तू जपणे, रंगरंगोटी करणे, सण थाटाने साजरे करणे हे आपण आवडीने करतो. आर्सची कथा मात्र आपल्याला आणखी एका गोष्टीची आठवण करून देते. चर्च जिवंत राहते ते पहाटे तिथे जाऊन बसणाऱ्या माणसांमुळे, कामावर जाताना क्षणभर थांबणाऱ्या पावलांमुळे आणि आपल्या उणिवांसह स्वीकारल्या गेलेल्या धर्मगुरूमुळे. या ४ ऑगस्टला आपल्या धर्मगुरूंना फुले देताना त्यांच्यासाठी जपमाळेचे एक दशकही अर्पण करू या. त्यांच्याही मनात कधी थकवा, कधी अपात्रतेची भावना येत असेल. अशा वेळी त्यांना अडवणारे, आपले म्हणणारे गाव मिळावे, हीच प्रार्थना.

संत जॉन मेरी व्हियान्नी, आम्हांसाठी आणि आमच्या धर्मगुरूंसाठी विनंती करा.